काळ्या घोड्याची तागडी

“पूस ती तागडी. आत्ताच्या आत्ता पूस!”

“का पुसू? बायबलात आहे म्हणून काढली. काळ्या घोड्यावर बसणाऱ्याच्या हातात तागडी असते. नसती लिहिलेली तर नसती काढली.”

“तागडी काढ की! ही कशाला काढली?”

“ही म्हणजे कुठली, वडील?”

अमोलिक वडिलांनी पडद्याकडे बोट उचललं आणि परत खाली घेतलं. मी शिडीवर, हातात ब्रश, आणि ते खाली देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फरशीवर, कमरेवर हात ठेवून. वय पासष्ट, मिशी पांढरी, आवाज पत्र्यावर गोटे टाकल्यासारखा. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुढाऱ्यांना वडील म्हणतात, आणि अमोलिक त्या सगळ्या वडिलांचेही वडील. देवळाच्या कोठीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. उभं आयुष्य त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. माझ्यासारख्या पंधरा वर्षांच्या पोराकडून तर नाहीच.

“तुला कळतंय मी काय म्हणतोय ते,” ते म्हणाले.

“नाही कळत. मी शाळा सोडलेला पोरगा. तुम्हीच सगळ्या गावाला सांगितलंय ना?”

हे खरं होतं. नववीत असताना मी बोर्डिंगातून पळून आलो होतो. आमटीत डाळ शोधावी लागायची. एकदा वॉर्डनला तसं सांगितलं, तो हसला, मी आमटीचं पातेलं त्याच्या अंगावर ओतलं. मग त्यांनी काढायच्या आत मीच निघालो. गावात, टाकळीला, मी पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचली होती, आणि ती अमोलिक वडिलांनी पोचवली होती. “शांतवन दुशिंगाचा गिदोन पळपुटा निघाला.” भर उपासनेनंतर, चिंचेखाली, दहा माणसांत.

त्यानंतर मी फ्रान्सिस पेंटरच्या हाताखाली लागलो. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, लग्नाच्या भिंती. हात चांगला बसला. म्हणून आमच्या पाळकबाईंनी, म्हणजे उजागरेबाईंनी, मला हे काम दिलं. प्रभुभोजनाच्या आधी चार दिवसांच्या सभा होत्या, विषय बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकातले चार घोडे. रोज एक घोडा, रोज एक पडदा. मांजरपाटाला खळ लावून त्यावर रंग. गुरुवारी पांढरा घोडा झाला, शुक्रवारी तांबडा. शनिवारी काळा. रविवारी फिकट घोडा, ज्याच्यावर मरण बसलेलं, आणि त्याच दिवशी प्रभुभोजन.

काळ्या घोड्याची मी दोन दिवस वाट बघत होतो. त्याला कारण होतं.

आमच्याकडे मूठ काढतात. दळणाला बसायच्या आधी बाई मूठभर ज्वारी नाहीतर बाजरी वेगळ्या डब्यात टाकते. रविवारी तो डबा देवळात रिकामा होतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते धान्य कोठीतून काढून मंडळीतल्या अकरा विधवांना वाटायचं, प्रत्येकीला चार किलो. देवळाची तागडी लहान, एका वेळी किलोभरच मावायचं, म्हणून चार खेपा. कोठी उघडायचे अमोलिक वडील, आणि तागडी धरायचे माझे पप्पा. पप्पा देवळाचे शिपाई. घंटा वाजवायची, झाडायचं, सतरंज्या घालायच्या, आणि मंडळीच्या आवारातल्या एका खोलीत राहायचं.

मागच्या वाटपाला मी कोठीबाहेर खाली बसून चुना कालवत होतो. खाली बसलेल्याला जे दिसतं ते उभ्या माणसाला दिसत नाही. तागडीच्या एका पारड्याच्या बुडाला लिंबाएवढा मेणाचा गोळा चिकटवलेला होता. नाताळच्या मेणबत्त्यांचं मेण. दर किलोला गोळ्याच्या वजनाएवढं धान्य कमी, चार किलोला पावशेर कमी. अकरा बायका.

किल्ली कुणाकडे? अमोलिकांकडे. मग मेण कुणाचं? मला विचारच करावा लागला नाही. मी कुणाला काही बोललो नाही. पप्पांनाही नाही. ते गरीब माणूस, घाबरले असते. मी ठरवलं, हे तोंडानं बोलायचं नाही, रंगानं बोलायचं. सगळ्या मंडळीसमोर, वेदीच्या मागं, सात फुटी घोड्यावर.

म्हणून तागडी अशी काढली होती की आंधळ्यानंही ओळखावी. पितळी पारडी, एक साखळी तुटलेली आणि तिथं सुतळी बांधलेली. आणि बुडाला पिवळसर गोळा.

“त्या तागडीच्या खाली काहीसुद्धा नाही,” अमोलिक म्हणाले. “जा, कोठीत जाऊन बघ. देतो किल्ली.”

“खाली काही आहे असं मी कुठं म्हणलं?”

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“गोळा काढलाय फक्त,” मी म्हणालो. “ढेकूळ असेल, शेण असेल. तुम्हाला बरं लगेच तागडीच्या खालचं आठवलं!”

ते शिडीजवळ आले. आवाज खाली आणला. “गिद्या, ऐक. हा पडदा असा लागला ना, तर तुझ्या बापाची नोकरी जाईल. खोली जाईल. मग बस चिंचेखाली घोडे रंगवत.”

“धमकी देताय?”

“समजव रे देवा याला!” ते छताकडे बघून म्हणाले.

तेवढ्यात पाळकबाई आल्या. पांढरी साडी, पायात स्पोर्टचे बूट, हातात चहाचा थर्मास. पडद्यासमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला, खाली केला.

“घोडा झकास आहे. नाकपुड्या तर जिवंत. पण स्वाराला तोंड का नाही अजून?”

“आता काढणार होतो. मिशीवाला.”

“तोंड नको.”

“बाई, बिनतोंडाचा माणूस कसा दिसेल?”

“प्रकटीकरण लिहिताना योहानानं घोड्याचा रंग सांगितला, हातात काय आहे ते सांगितलं. तोंड सांगितलं नाही. आपण कशाला सांगायचं?”

“मग लोकांना कळायचं कसं, कोण आहे ते?”

“तू सांग, तुला काय कळलं?” त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. “वाचलंस ना सगळं?”

“वाचलं. घोड्याबरोबर एक आवाज येतो. दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू. पण तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नका म्हणे. म्हणजे दुष्काळ सगळ्यांना नाही. ज्यांच्या घरी तेल आणि द्राक्षारस, त्यांचं तसंच राहणार. गरिबाचं मात्र शेर शेर तोलून. तोलणाराच कापणार.”

“हे कुणी शिकवलं तुला?”

“शिकवायचं काय त्यात? दिसतंय की.”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अमोलिकांकडे वळल्या. “वडील, तुमचं काय म्हणणं?”

“माझं म्हणणं, तागडी पुसावी.”

“का?”

आता बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दाराबाहेर पप्पा सतरंज्या झटकत होते, धप धप आवाज येत होता.

“काही नाही,” अमोलिक म्हणाले. “बरी दिसत नाही, म्हणून.”

“मग राहू द्या. वचनात तागडी आहे,” बाई म्हणाल्या आणि कपात चहा ओतला.

मी जिंकलो होतो. तोंड नाही तर नाही, तागडी पुरे होती.

तीन वाजता देऊळ भरलं. शनिवारची सभा म्हणजे तयारीची सभा. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, म्हणून आदल्या दिवशी ज्याच्या मनात काही असेल त्यानं उठून सांगायचं. ज्याचं आपण वाईट केलं त्याला सलाम द्यायचा, म्हणजे हातात हात. समोरच्यानं सलाम घेतला तर प्रभुभोजनाच्या मेजाला भाकर घ्यायला यायचं, नाहीतर मागं बसायचं. बहुतेक वेळा नणंद-भावजया उठायच्या, बांधावरून भांडलेले भाऊ उठायचे. मी भिंतीला टेकून पहिल्या रांगेच्या बाजूला उभा होतो. सगळ्यांची तोंडं दिसावीत म्हणून.

पप्पांनी दोरी ओढली, पडदा उलगडला.

आधी “अबब” झालं, घोड्यासाठी. मग मार्थाआजी बोलल्या. वय ऐंशी, कान गेलेले, म्हणून कुजबुजतात ते शेवटच्या बाकापर्यंत जातं.

“अगं बया, ही तर आपल्या मुठीची तागडी! ती बघ सुतळी. मीच दिलती सुतळी.”

“आजी, हळू.”

“आन् त्या बुडाला काय चिकटलंय गं? मेण हाय का?”

मेण हा शब्द देवळात असा फिरला जसा शेतात टोळ फिरतो. बायका एकमेकींकडे वळल्या. रिबकामावशी उठून पुढं आली, दोन फुटांवरून पडदा बघितला. रिबकामावशी चाळिशीतच विधवा झालेली, वीटभट्टीवर जाणारी, हिशोबात पक्की.

“म्हणूनच,” ती म्हणाली. “मी घरी मापट्यानं मोजते. दर महिन्याला कमी भरतं. मला वाटायचं, माझंच मापटं मोठं.”

ती वळली आणि सगळं देऊळ जिकडं बघत होतं तिकडं बघायला लागली. अमोलिक वडिलांच्या कमरेकडं. किल्लीकडं.

बघ म्हातारबा, मी मनात म्हणालो, आता सांग कोण पळपुटा.

पाळकबाईंनी पुस्तक मिटलं. “वडील?”

अमोलिक उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. करगोट्याची किल्ली सोडली आणि मेजावर ठेवली.

“कोठीची किल्ली माझ्याकडं असते,” ते म्हणाले. “कोठीत जे झालं त्याला मी जबाबदार. उद्या मी मेजाला येणार नाही. बायकांनी मला माफ करावं.”

बस, एवढंच. मला वाटलं होतं तो माणूस आरडाओरडा करील, माझ्या अंगावर येईल. मी त्याच्यासाठी तयार होतो, उत्तरं पाठ होती. तो गप बसला आणि माझी उत्तरं तशीच राहिली.

तेवढ्यात मागून, घंटेच्या दोरीपासून, पप्पांचा आवाज आला.

“माझ्या पोरानं मेण चुकीच्या पारड्याला काढलंय.”

सगळ्यांच्या माना वळल्या. पप्पा सभेत कधी बोलत नसत. हातात झाडू होता, तो त्यांनी भिंतीला नीट उभा केला आणि मधल्या वाटेनं पुढं आले.

“हे बघा. इकडच्या पारड्यात गहू काढलाय, तिकडच्यात वजन. मेण काढलंय वजनाच्या खाली. असं असतं तर बायकांना जास्ती मिळालं असतं. मेण धान्याच्या पारड्याला असतं. मी तिथंच लावलं होतं.”

मी पडदा बघितला. खरंच होतं. धान्याच्या पारड्याखाली घोड्याची मान आली होती, तिथं जागा नव्हती. वजनाखाली मोकळं होतं, म्हणून गोळा तिथं काढला. मला फक्त मेण दिसलं होतं. कुठलं पारडं, ते मी बघितलंच नव्हतं. आणि मी स्वतःला गावातला सगळ्यात तिखट डोळ्याचा समजत होतो.

“शांतवन, खाली बस,” अमोलिक म्हणाले.

“नाही वडील. तुम्हीच बसा.” पप्पा बायकांकडे वळले. “वडिलांना पंधरा दिवसांपूर्वी कळलं. त्यांनी मला कोठीत नेलं. म्हणाले, हे खरवड आणि गप राहा, तुझं पोरगं घरात आहे, त्याच्या कानावर जायला नको. मी खरवडलं. पण आधीचं खरवडून जात नाही. दर वाटपाला एकेकीचं पावशेर. नऊ महिने.”

नऊ महिने.

बोर्डिंगातून घरी येऊन मला नऊ महिने झाले होते. बोर्डिंगात माझं जेवण मिशनवर होतं. घरी आलो ते पप्पांच्या पगारावर, आणि तो पगार एका माणसालाही नीट पुरायचा नाही. अकरा पावशेर म्हणजे पावणेतीन किलो. एवढ्या ज्वारीच्या तीस भाकऱ्या होतात, दिवसाला एक. मी तीन खायचो. “अजून वाढ,” म्हणायचो. पप्पा वाढायचे.

हे पप्पा सभेत बोलले नाहीत. त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही. पण टाकळी लहान गाव आहे, सगळ्यांना महिने मोजता येतात. मार्थाआजींनीसुद्धा माझ्याकडे बघितलं.

“बाई,” पप्पा पाळकबाईंना म्हणाले, “हे चित्र उद्यापण राहणार ना?”

“राहील.”

“मग चुकीचं नको राहायला. गिदोन, ब्रश आण.”

“पप्पा...”

“आण म्हणलं ना. शिडी मी धरतो.”

मला तिथून पळून जायचं होतं. दार उघडं होतं, वीस पावलांवर. पळायची मला सवय होती, आणि त्या दिवशी कुणी पळपुटा म्हणलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. पण पप्पा शिडी धरून उभे होते. दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन, मी पडू नये म्हणून.

मी वर चढलो. वजनाच्या खालचा गोळा काळ्यानं बुजवला. मग घोड्याच्या मानेवर थोडी जागा केली आणि धान्याच्या पारड्याखाली मेण काढलं. पिवळा, थोडा पांढरा, कडेला सावली. देवळात दोनशे माणसं, आणि ब्रशाचा आवाज ऐकू येत होता. काम नीट केलं. वाईट काम मला जमत नाही.

“झालं,” मी म्हणालो.

“आता बरोबर आहे,” पप्पा म्हणाले.

मग ते एकेकीसमोर गेले आणि हात पुढं केला. मार्थाआजींनी हात धरला आणि तसाच धरून ठेवला. “शांतवना, पावशेरानं मी मेले नाय. पण मेल्या, सांगायचंस तरी. मी भाकरीच धाडली असती.” दुसरीनं सलाम घेतला, तिसरीनं घेतला. कुणी रडत घेतला, कुणी तोंड फिरवून घेतला. दहा झाले.

रिबकामावशीनं हात पदराखाली ठेवले.

“मी घेणार नाय,” ती म्हणाली. “मला दोन लेकरं हायेत. ती बी खातच होती.”

पप्पांनी मान हलवली. “बरोबर आहे तुझं.”

पाळकबाईंनी त्या दिवशी प्रवचन केलं नाही. नंतर चिंचेखाली मला गाठून एवढंच म्हणाल्या, “पंचवीस वर्षं मी या घोड्यावर बोलतेय. दर वेळी कुणीतरी सांगतं, स्वार कोण ते. दर वेळी दुसराच कुणीतरी.” अमोलिक वडील तिथंच होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पातेलं ओतायच्या आधी आत काय आहे ते बघत जा,” आणि खोकत निघून गेले. मी मागं धावत जाऊन त्यांना गाठलं आणि सलाम दिला. घेतला त्यांनी. हात मोडेल इतका दाबला.

पप्पांची नोकरी गेली नाही, खोलीही राहिली. अमोलिकांनी वडीलमंडळींच्या बैठकीत काय आवाज लावला, तो म्हणे कॅनॉलपर्यंत ऐकू गेला. फक्त तागडी पप्पांच्या हातून काढून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला पप्पा शेवटच्या बाकावर बसले. पाळकबाईंनी बोलावलं, “दहा जणींनी क्षमा केली, या तुम्ही.” पप्पा म्हणाले, “अकरा होत्या.”

याला तीन वर्षं झाली. मी आता अठरा वर्षांचा. फ्रान्सिस पेंटरच्या हाताखाली नाही, माझं स्वतःचं काम आहे, तीन गावांत माझ्या पाट्या आहेत. दर प्रभुभोजनाला मेजावरची भाकर सगळ्या बाकांवरून फिरते आणि शेवटच्या बाकापाशी येऊन परत जाते. मी दोनदा रिबकामावशीकडं भांडायला गेलो होतो. पहिल्यांदा तिनं मला हाकललं. दुसऱ्यांदा मी दारातूनच परत आलो, कारण तिची पोरं जेवायला बसली होती.

आज सकाळी तिचा थोरला मुलगा सायकलवर आला. उद्या प्रभुभोजन आहे. तो म्हणाला, “आईनं निरोप दिलाय. दाराला रंग द्यायचाय. तुला बोलावलंय.”

“कुठला रंग?” मी विचारलं.

“ते नाय सांगितलं. पण म्हणाली, संगं शांतवनकाकाला बी आण.”

पप्पांनी ते आतून ऐकलं. दाढी केली, नाताळचा पांढरा सदरा काढला. रंगाच्या कामाला पांढरा सदरा! मी म्हणालो, पप्पा, डाग पडतील. ते म्हणाले, पडू दे. आता दारात उभे आहेत, चपला घालून, आणि दुसऱ्यांदा हाक मारताहेत. मला निघायला पाहिजे.